'विंटर लाइट' बघून निराश झालो: पाळकाच्या दुःखात कारिनला जागाच नाही

पैनगंगाकाठ

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा 'विंटर लाइट' (१९६३) मला आवडला नाही. का आवडला नाही ते जरा सविस्तर लिहितो, कारण ज्यांच्या शब्दावर मी सिनेमे बघतो त्या बहुतेकांनी याला डोक्यावर घेतलंय. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात प्रोजेक्टरवर दाखवला. संपल्यावर काही मंडळी भारावून बोलत होती. मी गप्प घरी आलो, पण डोक्यातून तो जाईना.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. स्वीडनमधलं खेडं, नोव्हेंबर संपत आलेला, रविवारची दुपार. टोमास नावाचा पाळक चर्चमध्ये प्रभुभोजनाची उपासना घेतोय. समोर बोटांवर मोजण्याएवढी माणसं. त्याची बायको वारलेली, अंगात ताप, आणि देवावरचा विश्वास उडत चाललेला. उपासनेनंतर योनास नावाचा मच्छीमार आणि त्याची बायको कारिन त्याला भेटायला येतात. चीनकडे अणुबॉम्ब येणार असं योनासने वाचलंय आणि तेव्हापासून त्याला जगावंसं वाटत नाही. बोलते सगळं कारिन, तो खाली मान घालून बसलेला. तिला तीन मुलं आहेत, चौथ्याच्या वेळची ती गरोदर आहे. टोमास म्हणतो, देवावर विश्वास ठेवला पाहिजे. म्हणताना त्याला योनासच्या नजरेला नजर देता येत नाही.

बायकोला घरी सोडून योनास एकटा परत येतो. टोमास सुरुवातीला दोनचार प्रश्न विचारतो, पैशाची अडचण आहे का, तब्येत कशी आहे, हा विचार किती दिवसांपासून मनात आहे. आणि मग तो स्वतःबद्दल बोलायला लागतो. स्पेनच्या यादवीच्या काळात आपण लिस्बनला खलाशांचे पाळक होतो, समोर चाललेलं क्रौर्य बघायचं आपण नाकारलं, आपला देव आपल्यापुरताच होता, देव नाहीच असं मानलं तर उलट सगळं सोपं होतं, हे सगळं तो त्या माणसाला ऐकवतो. योनास उठून जातो. थोड्या वेळाने एक म्हातारी बातमी आणते की त्याने नदीकाठी स्वतःला गोळी घालून घेतली.

आता माझं म्हणणं. सिनेमा संथ आहे ही माझी तक्रार नाही. सात दिवसांचा सप्ताह मांडी घालून ऐकणारी माणसं आहोत आम्ही, आणि हा सिनेमा जेमतेम ८१ मिनिटांचा आहे. काळोखाचीही तक्रार नाही. मी राहतो यवतमाळ जिल्ह्यात. गावातल्या गुरुदेव सेवा मंडळाचं काम बघतो. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना झाली की माणसं लगेच उठत नाहीत. कुणाचं पीककर्ज थकलेलं असतं, कुणाच्या पोरीचं लग्न मोडलेलं असतं, कुणी नुसताच बसलेला असतो. योनाससारखा बसलेला माणूस मी पाहिलाय. म्हणून तो प्रसंग सुरू झाला तेव्हा मी सरसावून बसलो. ज्याचा स्वतःचाच आधार सुटलाय तो दुसऱ्याला कसा धरून ठेवेल, हे मला बघायचं होतं. वाटलं, या माणसाने याच प्रश्नावर सिनेमा काढलाय.

सिनेमा त्या प्रश्नापाशी येतो आणि तिथून निघून जातो. नदीवरचा प्रसंग मात्र जबरदस्त आहे, ते मान्य. कॅमेरा लांब उभा, पाण्याच्या आवाजात माणसांचं बोलणं ऐकू येत नाही, प्रेतावर ताडपत्री टाकतात, पाळक थंडीत नुसता उभा. मला वाटलं, आता हा कारिनकडे जाईल. तो जातो शाळेत! मेर्ता नावाची शिक्षिका त्याच्यावर जीव टाकते, तिच्याकडे सर्दीच्या गोळ्या घ्यायला. तिथे बसून तो तिला सांगतो की तुझं प्रेम मला नको, तुझे आजार, तुझी धडपड, सगळ्याची मला शिसारी येते. हे भांडण लांबत जातं. मी बाकावर बसून एकच विचार करत होतो की तिकडे कारिनला अजून काही माहीत नाही. पोरं जेवायला बसली असतील.

मग एकदाचा तो तिच्या घरी जातो. ती ऐकते आणि म्हणजे आता मी एकटी, असं काहीसं बोलते. बायबलमधलं काही वाचू का, असं तो विचारतो. ती नको म्हणते. तो सांगतो की मला जमेल ते मी केलं. बाहेर येऊन तो गाडीत बसतो आणि सिनेमा पुढच्या गावच्या चर्चकडे निघतो, देव बोलत का नाही या प्रश्नाकडे.

माझ्या गावात असं झालं तर निरोप कुणी न्यायचा, यावरच चार माणसं बसून विचार करतात. बाईमाणूस सोबत पाठवतात. तिच्या माहेरी कुणाला कळवायचं ते ठरतं. रात्री त्या घरी कोण थांबणार ते ठरतं. जगातल्या थोर सिनेमांत ज्याचं नाव घेतात, त्याने त्या बाईला पायरीवर सोडून द्यावं याने मी निराश झालो. हेच मला सांगायचं होतं. तुम्हाला काय वाटलं?

सिनेवेडा_नागपूर

दादा, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण मला उलटं वाटतं. टोमास आधी शाळेत जातो, कारिनकडे नंतर, हे तुम्हाला खटकलं. ते खटकावं म्हणूनच दिग्दर्शकाने तसं मांडलंय. योनासला गमावण्याआधी टोमास काय करत होता? मेर्ताचं पत्र वाचत होता. ते पत्र ती थेट कॅमेऱ्यात बघून बोलते, कित्येक मिनिटं, जवळजवळ कट नाही. एक बाई त्याच्याशी इतकं खरं बोलते आणि त्याच्या हृदयापर्यंत काही पोचत नाही. तोच माणूस थोड्या वेळाने योनाससमोर बसतो. तुम्हाला त्याचा राग आला म्हणजे सिनेमाने त्याचं काम केलं.

दुसरं, प्रकाशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. छायाचित्रकार स्वेन निक्विस्ट आणि बर्गमन शूटिंगच्या आधी खेड्यांतल्या चर्चमध्ये जाऊन बसायचे आणि हिवाळ्यात तासातासाला उजेड कसा बदलतो ते टिपून ठेवायचे. सिनेमातल्या चर्चचा आतला भाग स्टुडिओत उभारलेला आहे. तरी कुठे ठळक सावली दिसत नाही, कारण ढगाळ दिवसात ती पडतच नाही. पार्श्वसंगीत नाही, जे काही संगीत आहे ते चर्चमधलं. फक्त एकदा, योनास गेल्यानंतर खिडकीतून उजेड आत येतो आणि टोमास म्हणतो की आता मी मोकळा झालो. त्या उजेडाचा काटा येतो अंगावर. पुन्हा एकदा बघा, ही विनंती.

वऱ्हाडी_माणूस

मी बी पाह्यला. मले त राग आला भाऊ. बायकोनं त्याले धरून आनला, अन् तुमी त्याले आपलंच रडगानं आयकवता? आमच्या इकडं कोनी असा घुम्यावानी येऊन बसला ना, त पयले त्याले च्या देतात, मंग इचारतात जेवला का बा. त्याले एकटं घरी जाऊ देत नाही. कोनी ना कोनी गाडीवर मांगं बसवून सोडून देते.

पाळकाचा देव हारपला, ठीक हाय, हारपू दे. च्या त होता ना घरात? योनासले घरी पोचवाले देव काहून लागते? त्या सिनेमात समदे देवाची वाट पाहून राह्यले, अन् मानूस दारातून निंघून गेला.

अचलपूर_मुक्काम

मी या धाग्यावर लिहावं की नाही, हा विचार करत होतो. माझे वडील पाळक होते, अमरावती जिल्ह्यात. त्यामुळे हा सिनेमा मी तुमच्यासारखा बाहेरून पाहू शकत नाही.

टोमास एका दिवसात दोन चर्चमध्ये उपासना घेतो, दुपारी एका गावी, तीन वाजता दुसऱ्या गावी. आमच्याकडेही हे नेहमीचं. एका पाळकाकडे दोन-तीन मंडळ्या असतात, कधी जास्त. वडील आधी सायकलने जायचे, नंतर जुन्या मोटरसायकलने. एखाद्या गावी पावसामुळे कुणी आलेलंच नसायचं. म्हातारी एखादी बाई, तिचा नातू, बस्स. तरी झगा चढवून 'उपासना संगीत'मधली गाणी पूर्ण म्हणायचे, त्यात ना. वा. टिळकांचं एखादं हमखास. तुमचा विश्वास दर रविवारी सारखाच असतो का, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. आता वाटतं, बरेच रविवार नसावा.

म्हणून शेवटाबद्दल सांगतो. दुसऱ्या चर्चमध्ये आल्गोट नावाचा सेवक आहे. घंटा वाजवणं, मेणबत्त्या लावणं त्याच्याकडे. अपघाताने शरीर मोडलेलं, सतत वेदना. रात्री झोप येत नाही तर शुभवर्तमानं वाच, असं टोमासनेच त्याला सांगितलेलं असतं. तो वाचतो आणि पाळकाला म्हणतो की येशूच्या शरीराचा छळ काही तासांचाच होता, तेवढं तर मीही सोसलंय. खरं दुःख वेगळं होतं. गेथशेमाने बागेत शिष्य झोपून गेले, नंतर सोडून पळाले, पेत्राने ओळखत नाही म्हटलं, आणि वधस्तंभावर शेवटी बापानेही आपल्याला टाकलं असं त्याला वाटलं. त्या क्षणी त्यालाही शंका आलीच असेल, असं आल्गोट म्हणतो.

अख्ख्या सिनेमात दुसऱ्याच्या वेदनेपर्यंत पोचलेला हा एकच माणूस आहे आणि तो पाळक नाही. आमच्या मंडळीत अशी माणसं मी पाहिली आहेत. मयतीला आधी तीच पोचतात, पाळकसाहेब मागून येतात. त्यानंतर टोमास रिकाम्या चर्चमध्ये उपासना सुरू करतो, समोर फक्त मेर्ता, जी देव मानतच नाही. तुम्ही तिथे निराश झाला असाल. मी रडलो.

कारिनबद्दल तुमचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. वडील अशा घरी गेले की बायबल उघडायच्या आधी नुसते बसत. आई सोबत असे, ती स्वयंपाकघरात जाई.

रानजाई

कारिनचा मुद्दा काढल्याबद्दल धन्यवाद. मी वर्धा जिल्ह्यात एकल महिलांबरोबर काम करते. सिनेमा या धाग्यामुळे काल रात्री पाहिला.

ती पायरीवर बसलेली बाई माझ्या रोजच्या कामातली आहे. शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केल्यावर तिच्यासमोर काय काय येतं ते सांगते. सरकारची १ लाखाची मदत आहे, पण त्याआधी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त संस्थेचं हवं, ते थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. सावकाराकडून तोंडी घेतलेला पैसा कागदावर नसतो. बटईने केलेल्या शेतीचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर असतो. मग 'अपात्र' असा शिक्का बसतो. पात्र ठरलं तरी ३० हजार हातात येतात आणि उरलेले ७० हजार ठेवीत जातात. त्यातच दिवसकार्य, त्यातच शाळेची फी. सासरचे म्हणतात, माहेरी जा. माहेरचे म्हणतात, पोरं तिकडचीच आहेत. आणि लोकांची कुजबुज असतेच की हिनेच काही बोलून त्याला छळलं असेल.

१९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्यांच्या आठवणीत १९ मार्चला अन्नत्याग होतो, मीही करते. साहेबरावांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या बायकोचं, मालतीताईंचं, नाव विचारून बघा कुणाला.

म्हणून सिनेवेडा, तुमचं प्रकाशाचं वर्णन वाचून मी ते सगळं लक्ष देऊन पाहिलं, खरंच सुंदर आहे. पण टोमासच्या चेहऱ्यावर पडलेला तो उजेड बघताना मला प्रश्न पडला की हा कॅमेरा एकदा तरी कारिनच्या स्वयंपाकघरात का थांबत नाही? योनासला विश्वयुद्धाची भीती होती. तिला उद्याच्या दुधाची असेल. तिचं काहीच कळत नाही.

मनडॉक्टर

माझं क्षेत्र असल्यामुळे दोनच गोष्टी. टोमासचे पहिले प्रश्न अगदी बरोबर होते. मरणाचा विचार येतो का, किती दिवसांपासून, हे थेट विचारावं. विचारल्याने विचार बळावत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते. पुढे मात्र त्याने समोरच्याचं ऐकणं सोडलं, जीव द्यायचं साधन हाताशी आहे का ते विचारलं नाही, त्याला एकटं जाऊ दिलं आणि बायकोला कळवलं नाही. योनासकडे बंदूक होती. आपल्याकडे फवारणीचं औषध असतं. ते घरात कुलपात ठेवणं किंवा काही दिवस शेजाऱ्याकडे ठेवणं, एवढ्याने जीव वाचतात, कारण ती लाट बऱ्याचदा काही तासांत ओसरते.

हा धागा वाचणाऱ्या कुणाला स्वतःसाठी किंवा घरातल्यासाठी गरज वाटली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

पैनगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. वऱ्हाडीभाऊ, तुम्ही चहाचं बोललात, त्यावर मी पूर्ण सहमत.

सिनेवेडा, टोमासचा राग यावा म्हणूनच तो तसा दाखवलाय, हे पटलं. तरीही माझी निराशा जात नाही. एखाद्याला दोषी ठरवण्यातही त्याच्याकडेच बघणं होतं ना? त्याचा ताप, त्याचा खोकला, त्याचा अपराधभाव, सगळ्याला वेळ आहे. योनासला बोलायला किती वाक्यं मिळाली? मुख्य पात्र चुकतंय हे दाखवताना गोष्ट सांगणाराही त्याच्याच मागे चालत राहिला, तर मला दोघांची नजर वेगळी दिसत नाही.

अचलपूरकर, तुमचं वाचून मी आल्गोटचा प्रसंग पुन्हा लावला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मनात कारिन होती, त्यामुळे तो माझ्या डोक्यावरून गेला होता. फार मोठा प्रसंग आहे. पण मग माझा प्रश्न आणखी धारदार होतो. एवढं समजणारा माणूस शेजारच्याच गावात होता, तर योनासला कुणी त्याच्याकडे का नेलं नाही? आमच्याकडे मंडळात जे बोलता येत नाही ते माणूस पानटपरीवर बोलतो, न्हाव्याकडे बोलतो. त्या गावात कुणी कुणाकडे जाताना दिसतच नाही. सगळे पाळकाकडे येतात आणि पाळक रिकामा.

सिनेवेडा_नागपूर

त्या शेवटच्या उपासनेमागची गोष्ट सांगतो. बर्गमनचे वडील स्वतः लुथेरन पाळक होते, कडक माणूस. बर्गमनने आत्मचरित्रात लिहिलंय की तो वडिलांना घेऊन खेड्यांतली चर्च बघत हिंडत असताना एका ठिकाणच्या पाळकाने आपण आजारी आहोत, आज पूर्ण उपासना होणार नाही असं सांगितलं. म्हातारे वडील उठले, लंगडत आत गेले आणि उपासना स्वतः घेतली. काहीही झालं तरी उपासना व्हायलाच हवी, यातून सिनेमाचा शेवट आला.

आणि तुमच्या बाजूने एक. त्याची तेव्हाची पत्नी, पियानोवादक केबी लारेताई, हिने सिनेमा पाहून उत्कृष्ट आहे पण भयंकर उदास आहे अशा अर्थाचं म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

चीनच्या बॉम्बची भीतीही पोकळ नव्हती. सिनेमा आला फेब्रुवारी १९६३ मध्ये, चीनने पहिली चाचणी केली ऑक्टोबर १९६४ मध्ये.

रानजाई

वडिलांची गोष्ट भिडली. पण बघा, तिथेही उपासना वाचली. घर कुणाचं वाचलं का?

अचलपूर_मुक्काम

ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. पण उपासना वाचते म्हणजे फक्त विधी वाचतो असं मला वाटत नाही. ती म्हातारी आणि तिचा नातू पावसात चालत यायचे. दार बंद दिसलं असतं तर पुढच्या वेळी आले नसते, आणि पुढे कधी त्या घरावर वेळ आली असती तर सांगायला जागाच उरली नसती. दार उघडं ठेवणं हे पहिलं काम. आत आलेल्याचं ऐकणं हे दुसरं. टोमासला पहिलं जमलं, दुसरं जमलं नाही.

पैनगंगाकाठ, तुम्हाला जे बघायचं होतं ते दुसऱ्या एका सिनेमात आहे. रॉबेर ब्रेसाँचा 'डायरी ऑफ अ कंट्री प्रीस्ट' (१९५१). तोही संथ, तोही उदास. तरुण कॅथलिक धर्मगुरू, पोटाच्या दुखण्याने खंगलेला, दारूत बुडवलेल्या पावावर जगणारा. गाव त्याला हसतं, प्रार्थना त्यालाही जमत नाही. पण गावच्या जमीनदाराची बायको, जिचा लहान मुलगा गेलाय आणि जी तेव्हापासून देवाशी वैर धरून बसलीय, तिच्यासमोर तो बसतो आणि उठत नाही. ती बोलते, चिडते, मुलाची आठवण म्हणून जपलेलं पदक आगीत टाकते. तो हात घालून ते बाहेर काढतो. स्वतःकडे नसलेली शांती तो तिला देऊन जातो. त्या खोलीतला तो प्रसंग तुम्ही बघाच.

वऱ्हाडी_माणूस

हे आयकून बरं वाटलं. हा पिच्चर वाचनालयात लावा. पन कापसाची वेचनी झाल्यावर लावा, आता बाया रिकाम्या नाहीत. अन् बायांले बी बलवा, मागच्या टायमाले समदे मानसंच होते.

पैनगंगाकाठ

वाचनालयात आजच विचारतो. बाया येतील, पण इंग्रजी अक्षरं भराभर वाचणं जमणार नाही, तेव्हा आधी मराठी सबटायटल तयार करावे लागतील. अचलपूरकर, प्रार्थनेची आणि बायबलची वाक्यं तुम्ही बघाल का? बाकीची मी करतो. रानजाई ताई, दाखवायच्या दिवशी तुम्ही याल का? सिनेमा झाल्यावर बाया मोकळेपणाने बोलाव्यात असं वाटत असेल तर तिथे मी असून चालणार नाही.

रानजाई

येते. दुपारची वेळ ठेवा, संध्याकाळी बायांना निघता येत नाही. आणि चहा आपण ठेवू.

अचलपूर_मुक्काम

वाक्यं पाठवा, करतो.